जुन्या मालिका परत आणताना त्यांची डोकी कापू नका

प्रति,
जुन्या मालिका पुन्हा दाखवणाऱ्या आणि त्यांच्या नव्या आवृत्त्या काढणाऱ्या वाहिन्या, ओटीटी कंपन्या, निर्मिती संस्था आणि त्यांचे टेप-संग्रह सांभाळणारे अधिकारी यांस

विषय: लहानपणच्या मालिका परत आणताना होणारं नुकसान आणि ते टाळण्याची कामं

सप्रेम नमस्कार.

हे पत्र सोलापुरातून लिहीत आहोत. जुन्या कॅसेट डिजिटल करून देणं, व्हिडिओ एडिटिंग आणि टीव्ही-व्हीसीआरची दुरुस्ती ही आमची रोजची कामं. लहानपणी रविवारी सकाळी पाहिलेली मालिका पुन्हा लागली की लोक हौसेने बसतात आणि थोड्याच वेळात "पूर्वीसारखं वाटत नाही" म्हणत उठतात. त्यावर ठरलेलं उत्तर असतं: आठवणीत सगळंच गोड वाटतं, आता तुमचं वय झालं. हे उत्तर आम्हाला मान्य नाही. फाइल उघडून तपासली की बहुतेक वेळा दोष मोजून दाखवता येतो. चित्राचा चौथा हिस्सा गायब असतो, हालचाल अडखळते, आवाज एकाच कानात येतो, शीर्षकगीत छाटलेलं असतं. लोकांच्या आठवणीवर खापर फोडण्याआधी हे दुरुस्त करा, एवढं आमचं मागणं आहे. कसं करायचं तेही खाली लिहिलं आहे.

सगळ्यात मोठं नुकसान चित्राच्या आकाराचं होतं. 'रामायण' २५ जानेवारी १९८७ रोजी सुरू झालं, 'महाभारत' २ ऑक्टोबर १९८८ रोजी. तेव्हाच्या टीव्हीचा पडदा ४:३, म्हणजे रुंदी चार भाग आणि उंची तीन भाग. कॅमेरामनने प्रत्येक चौकट त्याच हिशेबाने बांधली. आजचा पडदा १६:९ आहे. बाजूला काळे पट्टे दिसायला नकोत म्हणून जुनं चित्र रुंदीला भरेपर्यंत मोठं केलं, की वरचं आणि खालचं मिळून बरोबर २५ टक्के चित्र पडद्याबाहेर जातं. आपल्याकडच्या जुन्या टीव्हीच्या पाल (PAL) पद्धतीत दिसणाऱ्या ५७६ ओळींपैकी १४४ जातात, ४३२ उरतात. पौराणिक मालिकेत याचा फटका जास्त बसतो, कारण तिथे वर मुकुट असतो आणि खाली पाय. क्लोजअपमध्ये मुकुट अर्ध्यात कापला जातो. कुणी वाकून पाय धरले, तर ज्या पायांसाठी तो शॉट लावला तेच दिसत नाहीत. नाचात घुंगरांचा आवाज येतो आणि पावलं चौकटीखाली राहतात. शिवाय उरलेल्या ४३२ ओळी १०८० ओळींच्या पडद्यावर अडीच पट ताणाव्या लागतात. अख्खं चित्र ठेवलं असतं तर दोन पटीपेक्षाही कमी ताण पडला असता. म्हणजे "पडदा भरला" म्हणून जे सांगितलं जातं, त्यात चित्र अपुरं तर होतंच, वर धूसरही होतं.

काही ठिकाणी कापण्याऐवजी चित्र आडवं ओढतात. मग माणसं एक तृतीयांशाने रुंद होतात. हे ओळखायला कोणतंही यंत्र लागत नाही. चित्रातली गोल वस्तू शोधा. रथाचं चाक, जेवणाचं ताट, भिंतीवरचं घड्याळ, काहीही चालेल. समोरून घेतलेलं चाक अंडाकृती दिसत असेल तर चित्र ओढलेलं आहे. उलटी चूकही होते. पालची डिजिटल फाइल ७२० बाय ५७६ पिक्सेलची असते, पण तिचे पिक्सेल चौरस नसतात. दाखवताना ती ७६८ बाय ५७६ च्या प्रमाणात पसरावी लागते. फाइलमधली ही नोंद गळाली की सगळी पात्रं सहा टक्क्यांनी बारीक होतात. काहीतरी खटकतंय हे प्रेक्षकाला जाणवतं, पण नेमकं काय ते सांगता येत नाही.

उपाय सोपा आहे. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर जुनं चित्र १४४० बाय १०८० ठेवा आणि दोन्ही बाजूंना २४० पिक्सेलचे काळे पट्टे राहू द्या. त्या पट्ट्यांत त्याच चित्राची धूसर प्रत फिरवू नका, वेलबुट्टी लावू नका. नजर सारखी तिकडे जाते. ऑनलाइन ठेवताना फाइल ४:३ आकारातच चढवा, पट्टे फाइलमध्येच कायमचे बसवू नका. मोबाइल, टॅब, टीव्ही, प्रत्येक पडदा आपापल्या मापाने ती दाखवेल.

प्रेक्षकांना काळे पट्टे आवडत नाहीत, असं तुमचे लोक म्हणतील. अमेरिकेत हा प्रयोग होऊन गेला आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये डिस्ने प्लस सुरू झालं तेव्हा 'द सिम्प्सन्स'चे जुने ४:३ भाग १६:९ करून ठेवले होते. एका प्रसंगात बिअरच्या कारखान्यात तीन वेगवेगळ्या नावांच्या टाक्या दिसतात आणि वर एकाच नळातून तिन्हींत तीच बिअर पडत असते. विनोद त्या नळात होता आणि तोच वरून कापला गेला. लोकांनी तक्रारी केल्या, कंपनीने मे २०२० मध्ये मूळ आकाराचा पर्याय दिला. मूळ आकार आणि भरलेला पडदा असे दोन्ही पर्याय ठेवून निवड प्रेक्षकाच्या हातात द्या. सुरुवातीला मात्र मूळ आकारच दिसू दे.

आता हालचालीकडे. जुन्या टेपवरचं चित्र अखंड नसतं. सेकंदाला २५ फ्रेम आणि प्रत्येक फ्रेमचे दोन फील्ड: आधी विषम ओळी, मग सेकंदाच्या पन्नासाव्या भागाने सम ओळी. सोलापुरात हे समजावणं सोपं जातं. साध्या विणीत मागावर एका फेरीला विषम ताणे उचलले जातात, पुढच्या फेरीला सम, आणि दोन्ही मिळून कापड होतं. तसंच हे चित्र. जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही हे फील्ड एकामागून एक दाखवायचा, म्हणून चेंडू, धावणारं मूल, फिरणारी गदा, सगळं सेकंदाला पन्नास टप्प्यांत गुळगुळीत हलायचं. आजचा सपाट पडदा एका वेळी पूर्ण चित्र दाखवतो, त्यामुळे फील्डांचं रूपांतर करावं लागतं. त्याला डीइंटरलेस करणं म्हणतात. इथे चार चुका वारंवार दिसतात.

रूपांतर न करताच फाइल दिली तर हलणाऱ्या वस्तूच्या कडेला दाते दिसतात. एक फील्ड फेकून दिलं तर ५७६ पैकी २८८ ओळींचाच तपशील राहतो आणि हालचालही अर्ध्यावर येते. दोन्ही फील्ड एकमेकांत मिसळले तर हलणाऱ्या हाताला दुसरा फिकट हात चिकटतो. आणि फील्डांचा क्रम उलटा धरला तर चालणारा माणूस पावलोपावली मागेपुढे हिसके खातो. यातली पहिली चूक नंतरही दुरुस्त होते, एका अटीवर: तोवर कुणी चित्राचं माप बदललेलं नसावं. डीइंटरलेस न करता आधी चित्र मोठं केलं की ते दाते चित्रात मुरतात आणि मग कुणालाही काढता येत नाहीत. म्हणून कामाचा क्रम पक्का ठेवा. आधी फील्डांचा क्रम तपासा, मग डीइंटरलेस, मग कडांची सफाई, आणि सगळ्यात शेवटी माप वाढवणं.

डीइंटरलेस करताना हालचालीचा माग घेऊन प्रत्येक फील्डपासून एक पूर्ण फ्रेम तयार करणारी पद्धत वापरा, म्हणजे सेकंदाला ५० फ्रेम मिळतात आणि टीव्हीवरची मूळची गुळगुळीत चाल परत येते. वेळ लागतो, साध्या संगणकावर एक भाग रात्रभरही चालतो, पण फरक कुणालाही पाहताक्षणी कळतो. यूट्यूबवर टाकायचं असेल तर चित्र किमान ७२० ओळींचं, म्हणजे ९६० बाय ७२० चं करा. त्याखालच्या मापाला तिथे ५० फ्रेम मिळत नाहीत, २५ च उरतात आणि सगळे कष्ट वाया जातात.

एआयने "फोर-के" केलेल्या प्रतींबद्दल आम्ही स्पष्टच लिहितो: त्या थांबवा. टेपवर शूट झालेल्या मालिकेत ५७६ ओळींपलीकडे माहिती नाहीच. यंत्र जे भरतं ते अंदाजाने भरतं. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या जातात, दात एकसंध पांढरी पट्टी होतात, जरीच्या काठाची नक्षी दर फ्रेमला बदलत राहते. सगळ्यात वाईट गत देवनागरी श्रेयनामावलीची होते. शिरोरेषा तुटते, अनुस्वार पुसला जातो, रफार शेजारच्या अक्षरावर जातो, आणि ज्यांनी ती मालिका घडवली त्यांची नावंच वाचता येत नाहीत. दुप्पट माप साध्या पद्धतीने वाढवा, तेवढं पुरेसं आहे. मालिका फिल्मवर चित्रित झाली असेल आणि निगेटिव्ह हाताशी असेल तर गोष्ट वेगळी. १६ मिलिमीटरच्या निगेटिव्हमध्ये टेपपेक्षा खूप जास्त तपशील असतो, तो नव्याने स्कॅन करा. जुन्या व्हिडिओ मास्टरवरून, म्हणजे टेपवरच्या मूळ प्रतीवरून, मोठं चित्र काढत बसू नका. आणि कृष्णधवल आहे ते कृष्णधवलच ठेवा. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांचे चिमणराव-गुंड्याभाऊ त्याच छटांत लोकांच्या मनात आहेत.

रंगांची एक चूक सहज सुधारता येते, म्हणून सांगून टाकतो. जुन्या टीव्हीचा रंगांचा हिशेब आणि एचडीचा हिशेब वेगळा आहे. जुन्या फाइलवर एचडीची खूण लागली की कुंकवाचा लाल नारिंगीकडे झुकतो आणि झाडांचा हिरवा काळवंडतो. काळ्या-पांढऱ्याची पातळी १६ ते २३५ ऐवजी ० ते २५५ समजली गेली तर सगळं फिकट आणि राखेरी दिसतं, उलट झालं तर सावलीतले चेहरे बुडतात. एक्स्पोर्ट करताना दोन खुणा तपासल्या की काम भागतं.

आवाजाकडे मात्र जास्त लक्ष लागेल, कारण लहानपणची मालिका माणूस कानानेच आधी ओळखतो. जुना आवाज मोनो असायचा आणि टेपच्या दोनपैकी एकाच ट्रॅकवर असायचा. तो तसाच स्टीरिओ फाइलमध्ये गेला की हेडफोनच्या एकाच बाजूला ऐकू येतो. चांगला ट्रॅक निवडून दोन्ही बाजूंना द्या. दोन्ही ट्रॅक डोळे झाकून मिसळू नका, त्यांच्यात सूक्ष्म अंतर असेल तर आवाज पोकळ होतो. विजेची घरघर ५० हर्ट्झ आणि तिच्या १००, १५० अशा पटींवर असते, तेवढ्याच अरुंद पट्ट्या कमी करा. सरसकट नॉइज रिडक्शन लावलं की 'स', 'श', 'च' या अक्षरांच्या कडा जातात आणि संवाद बोबडे वाटतात. थोडी खरखर राहिली तर कुणी तक्रार करत नाही. व्हीसीआरचं ऑडिओ हेड टेपशी नीट जुळलेलं नसेल तर आवाज मुळातच मंद येतो. तो नंतर इक्वलायझरने उजळवण्यापेक्षा हेड जुळवून टेप पुन्हा चालवा.

डब केलेल्या कार्टूनमध्ये याला आणखी एक पदर आहे. जपानमध्ये बनलेली 'जंगल बुक' दूरदर्शनवर १९९३ मध्ये हिंदीत आली. शेरखानचा आवाज नाना पाटेकरांचा, शीर्षकगीत गुलजार यांचं, संगीत विशाल भारद्वाज यांचं. आपल्याकडच्या मुलांसाठी मालिका म्हणजे हेच आवाज. अशा मालिकेचं चित्र परदेशातून नवं, स्वच्छ आणलं आणि त्यावर नव्या कलाकारांकडून डबिंग केलं, तर हाती दुसरीच मालिका येते. जुना हिंदी ट्रॅक शोधा आणि नव्या चित्रावर बसवा. बसवताना वेग बघा. २४ फ्रेमचं चित्र २५ वर चालवलेल्या टेपवरून आवाज घेतला असेल, तर २५ मिनिटांचा भाग २४ मिनिटांत संपतो. तोच आवाज २४ फ्रेमच्या नव्या चित्राला लावला की भागाच्या शेवटी ओठ आणि शब्द यांत मिनिटाचं अंतर पडतं. त्यासाठी आवाज ४ टक्के संथ करावा लागतो, तेव्हा स्वरही मूळ पट्टीवर येतो. जिथे जुन्या ट्रॅकचा तुकडा मिळत नाही तिथे मूळ भाषेचा आवाज आणि खाली सबटायटल द्या.

शीर्षकगीत कापू नका. 'गोट्या'चं अशोक पत्की यांनी संगीतबद्ध केलेलं गीत ऐकल्याशिवाय ती मालिका सुरू झाली असं वाटतच नाही. गाण्याच्या हक्कांचा प्रश्न असेल तर तो आधी सोडवा. प्रसंगातलं गाणं मुकं करून भाग तसाच दाखवणं म्हणजे पात्रं तोंडं हलवत उभी करणं. भाग २५ मिनिटांचा असेल तर तो २५ मिनिटांचाच द्या, जाहिरातींसाठी २१ चा करू नका. विनोदी मालिकेत अशा कापाकापीत आधी बळी जातो तो दोन संवादांमधला थांबा, आणि विनोद त्या थांब्यावरच उभा असतो. सबटायटलही माणसाकडून तपासून घ्या. आमच्या पूर्व भागातली तेलुगू घरं, अक्कलकोटकडची कन्नड घरं, कमी ऐकू येणारे आजी-आजोबा, या सगळ्यांना त्यांचा उपयोग होतो, आणि यंत्राने काढलेलं मराठी सबटायटल पात्रांच्या नावापासूनच चुकतं.

आता नव्या आवृत्त्यांबद्दल. मालिका नव्याने काढूच नये असं आमचं म्हणणं नाही. चांगलं उदाहरणही आहे. 'डकटेल्स' ही १९८७ ची मालिका, आपल्याकडे दूरदर्शनवर हिंदीत लागायची. २०१७ मध्ये ती नव्याने आली तेव्हा शीर्षकगीताची चाल तीच ठेवली गेली, आणि एक जुनी उणीव भरून निघाली. पूर्वी तिन्ही पुतणे एकाच कलाकाराच्या आवाजात बोलायचे आणि स्वभावानेही सारखेच होते. नव्या मालिकेत तिघांना तीन आवाज आणि तीन स्वभाव मिळाले. ओळखीची खूण राहिली आणि कच्चा दुवा पक्का झाला.

आपल्याकडे बिघडतं ते वेळापत्रकात. जुनं 'महाभारत' आठवड्याला एक याप्रमाणे ९४ भागांत संपलं. २०१३-१४ चं 'महाभारत' रोजच्या प्रक्षेपणात २६७ भागांचं झालं. त्यालाही स्वतःचा मोठा प्रेक्षक मिळाला, ते नाकारत नाही. पण युद्ध, शाप, स्वयंवर असलेली कथा तेवढी ताणली जाऊ शकते. घरातल्या साध्या गोष्टींवर उभी असलेली मुलांची मालिका नाही ताणली जात. रोजच्या मालिकेला आठवड्याला ५ किंवा ६ भाग लागतात, प्रत्येकी २२ मिनिटं धरली तर ११० ते १३२ मिनिटांचं तयार चित्र. एवढं लिहून आणि चित्रित करून होत नाही, म्हणून मग एकेका वाक्यावर सहा जणांचे चेहरे फिरतात, कालचा भाग आज पुन्हा दाखवला जातो, आणि शांत प्रसंगावरही पार्श्वसंगीत वाजत राहतं.

मुलांच्या मालिकेत आणखी एक अडचण आहे आणि तिच्यावर फारसं बोललं जात नाही. बालकामगार कायद्याच्या २०१७ मधल्या सुधारित नियमांनुसार १४ वर्षांखालच्या कलाकाराला दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त, विश्रांतीशिवाय ३ तासांपेक्षा जास्त आणि सलग २७ दिवसांपेक्षा जास्त काम देता येत नाही. नियम योग्यच आहे. पण रोजच्या मालिकेचा घास या तासांत भरत नाही. मग लेखक मुलाचे प्रसंग कमी करतो, आई-वडील, काका-काकू यांची भांडणं वाढवतो, आणि ज्या मुलाच्या नावाने मालिका काढली तेच दोन-दोन भाग दिसत नाही. शिवाय वर्षभरात मुलाची उंची वाढते, आवाज फुटतो. लहान मुलं मालिका सोडून देतात आणि मोठ्यांना वाटतं आपली जुनी मालिका बिघडवली. दोघांचंही बरोबर असतं.

म्हणून हिशेब असा मांडा. १३ भाग, प्रत्येकी २५ मिनिटं, म्हणजे ३२५ मिनिटं. दिवसाला ८ ते १० मिनिटांचं पक्कं काम धरलं तर ३३ ते ४१ दिवसांचं चित्रीकरण. उन्हाळी सुट्टीत २५ दिवस आणि दिवाळीच्या सुट्टीत उरलेले. शाळा बुडत नाही, सलग २७ दिवसांची मर्यादाही पाळली जाते. मुलाची उंची पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्यात वेगळी दिसू नये म्हणून कथेतच मधे काही महिने जाऊ द्या. तेराही भागांची संहिता पहिल्या दिवसाआधी पूर्ण हवी आणि प्रक्षेपण आठवड्याला एकच हवं. 'श्रीयुत गंगाधर टिपरे' आठवड्याला एकदाच लागायची. तिची वाट पाहिली जायची.

संहिता लिहिणाऱ्यांना मूळ पुस्तकाकडे परत पाठवा. गोट्या ना. धों. ताम्हणकरांच्या पुस्तकांतून आला, चिमणराव चिं. वि. जोशींच्या. जुन्या मालिकेची नक्कल केली की नवा कलाकार आधीच्या कलाकाराच्या सावलीत अडकतो. पुस्तकातून निघालं तर त्याला स्वतःची वाट सापडते. जागाही खरी शोधा. 'मालगुडी डेज'साठी शंकर नाग आगुंब्याला गेले आणि त्या गावाचा पाऊस, ओसऱ्या, वळणं चित्रात आली. स्टुडिओतल्या रंगवलेल्या वाड्यातून तसं काही येत नाही. आणि मुलांना आपापल्या गावाचं बोलू द्या. सोलापूरचं पोरगं "काय करायलास बे" म्हणेल, त्याचं पुस्तकी मराठी करू नका.

आता तातडीची गोष्ट. टेप थांबत नाहीत. १९७० आणि ८० च्या दशकांतल्या काही टेपांचा चिकट थर हवेतला ओलावा शोषून विघटित होतो. अशी टेप चालवली की हेडवर राप बसतो, टेप किंचाळते, आणि चुंबकीय थरच खरवडून निघतो. अशा टेपा साधारण ५० ते ५४ अंशांवर नियंत्रित ओव्हनमध्ये आठ तास किंवा जास्त ठेवून, नंतर लगेच उतरवून घ्याव्या लागतात. ही डागडुजी तात्पुरतीच असते. चालवायची यंत्रंही संपत आली आहेत. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी फुनाई, तिने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. युनेस्कोने २०१९ मध्येच सगळ्या जगाला टेपांबाबत इशारा दिला होता. आणि कायद्याने ही जबाबदारी तुमचीच आहे. १९८७ मध्ये प्रदर्शित झालेल्या मालिकेचा हक्क २०४७ अखेरपर्यंत चालतो, तोवर दुसरं कुणी ती परवानगीशिवाय लोकांसमोर आणू शकत नाही. तोपर्यंत टेप टिकणार नाही.

एका तासाची दहा-बिट, न दाबलेली (कॉम्प्रेस न केलेली) फाइल साधारण १०० जीबीची होते. वरच्या हिशेबातली १३ भागांची मालिका ५४० जीबीच्या आसपास, आणि गुणवत्ता न घालवता दाबली तर जवळपास निम्मी. आजच्या हार्ड डिस्कच्या किमतीत हा खर्च एका दिवसाच्या चित्रीकरणापुढे काहीच नाही. तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या शहरात. टीबीसी (टाइम बेस करेक्टर, टेपवरच्या सिग्नलची वेळ सरळ करणारं यंत्र) मधे लावल्याशिवाय टेप उतरवू नका, नाहीतर उभ्या रेषा थरथरतात. आणि मूळ टेप फेकून देऊ नका, १८ अंशांच्या आसपास आणि ३० ते ४० टक्के आर्द्रतेत उभी ठेवा.

ज्या भागांचे मास्टर तुमच्याकडे उरलेच नाहीत ते लोकांच्या घरी असू शकतात. बीबीसीने 'डॉक्टर हू' या मालिकेचे १९६० च्या दशकातले अनेक भाग पुसून टाकले होते. हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज आज उपलब्ध आहे तो प्रेक्षकांनी घरी रेकॉर्ड केला म्हणून, आणि त्यांतल्या ९ भागांची फिल्म २०१३ मध्ये नायजेरियातल्या जोस शहरातून परत मिळाली. आपल्याकडेही घराघरांत व्हीएचएस कॅसेट आहेत. वर लग्नाचं नाव असतं आणि शेवटच्या अर्ध्या तासात एखाद्या मालिकेचा भाग. सोलापुरात त्या बहुधा माळ्यावर किंवा पत्र्याखालच्या लोखंडी कपाटात असतात, जिथे मे महिन्यात बाहेरच चाळीसच्या वर पारा जातो. त्या जमा करण्याची सोय जिल्ह्याच्या ठिकाणी करा. इथे आकाशवाणीचं केंद्र आहे, हिराचंद नेमचंद वाचनालय आहे. अशा जागी एक टेबल, पावती-पुस्तक आणि कॅसेट परत देण्याची लेखी हमी एवढं पुरेल.

तोपर्यंत ज्यांच्या घरी अशा कॅसेट आहेत त्यांनी इतकं करावं. कॅसेटच्या पाठीवरची प्लॅस्टिकची छोटी खुंटी तोडा, म्हणजे चुकून वर रेकॉर्ड होणार नाही. खिडकीतून रिळाच्या कडेला पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे. ती कॅसेट मशिनमध्ये घालू नका आणि बाकीच्यांपासून वेगळी ठेवा. भुकटी नसेल तर चालवण्याआधी एकदा पुढे-मागे पूर्ण गुंडाळून घ्या, आणि उभी ठेवा. माळ्यावरून खाली, आतल्या थंड खोलीत आणा.

तुमच्याकडून आम्हाला आधी एक गोष्ट हवी आहे. पुढची जुनी मालिका जाहीर करण्यापूर्वी तिचा दोन मिनिटांचा नमुना लोकांसमोर ठेवा: शीर्षकगीत, एक क्लोजअप, एक धावण्याचा प्रसंग आणि श्रेयनामावलीचा तुकडा. सोबत मूळ टेपचा प्रकार, भागाची मूळ लांबी आणि चित्राचा आकार लिहा. नमुन्यात काय चुकलं आहे आणि कुठल्या पायरीवर चुकलं आहे, ते आम्ही आणि आमच्यासारखे गावोगावचे लोक वेळेच्या आकड्यासह लिहून कळवू. त्यासाठी मानधन नको.

आपले,
सोलापुरातील व्हिडिओ एडिटर, कॅसेट डिजिटल करणारे आणि टीव्ही-व्हीसीआर दुरुस्त करणारे